गोणीचे वजन कोण ठरवते?

सिमेंटची गोणी ५० किलोंची असते. ती ५० चीच का, ४० ची किंवा २५ ची का नाही, हा प्रश्न दुकानदाराला पडत नाही, घर बांधणाऱ्याला पडत नाही आणि ती पाठीवर घेणाऱ्या हमालाने तो विचारावा अशी तर कोणाची अपेक्षाच नसते. ब्रिटनमध्ये हेच सिमेंट २५ किलोंच्या पिशवीत मिळते. सिमेंट तेच, माणसाचा मणकाही तोच. फरक आहे तो एका निर्णयाचा, आणि तो निर्णय गोदामापासून शेकडो मैल दूर, पिशव्या भरणाऱ्या यंत्राशी झालेला असतो. गोदामातल्या सुरक्षिततेबद्दल जे म्हणायचे आहे ते जवळजवळ सगळे या एका गोणीत मावते. माणूस ज्या जागी जखमी होतो ती जागा एक, आणि ती जखम जिथे ठरते ती जागा दुसरी. आपल्याकडचे फलक, हेल्मेट आणि सुरक्षा सप्ताहातल्या शपथा मात्र सगळ्या पहिल्या जागी गोळा झाल्या आहेत.

महाराष्ट्रात गोदाम म्हटले की भिवंडी. यंत्रमागांचे हे गाव गोदामांचे झाले त्यात भूगोलाइतकाच जकातीचा हात होता. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, नाशिक महामार्गाला लागून आणि न्हावा-शेवा बंदर आवाक्यात असल्यामुळे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली अशा गावांच्या भातशेतीवर कंपाउंडमागून कंपाउंड उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, आणि प्रत्येक राज्यात कर वाचवण्यासाठी लहान गोदाम ठेवण्याचे कारणही गेले. मग मोठाल्या गोदामांची लाट आली. ती भिवंडीत आली, तशी चाकण-तळेगावकडे आणि पनवेलच्या बाजूलाही आली. त्यामुळे आज दोन काळ शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे पत्र्याचा गाळा, ट्रकच्या फाळक्याला टेकवलेली लाकडी फळी आणि मुकादमाची टोळी. दुसरीकडे तीन-चार मजली इमारतीच्या उंचीचे रॅक, बॅटरीवर चालणारी फोर्कलिफ्ट आणि प्रत्येकाच्या हातात सेकंद मोजणारा स्कॅनर. दोन्हीकडचे धोके वेगळे दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे: काम कसे होणार हे ते करणाऱ्याने ठरवलेले नसते.

वजनाचा हिशेब आधी करू, कारण तो सर्वांत जुना आहे आणि सर्वांत कमी वेळा केला जातो. व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या ‘नायॉश’ या अमेरिकी सरकारी संस्थेने १९९१ मध्ये दोन हातांनी वजन उचलण्याचे एक सूत्र सुधारून मांडले. त्याची सुरुवात २३ किलोंपासून होते. वजन अंगालगत असेल, कमरेच्या आसपास जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर असेल, पकड चांगली असेल, अंग वळवावे लागत नसेल आणि असे क्वचितच करायचे असेल, तर २३ किलो ठीक. यातली एकेक सोय काढून घेतली की आकडा घसरतो. वजन अंगापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटरवर गेले की तो निम्मा होतो, साडेअकरा किलो. तेच वजन जमिनीवरून उचलायचे असेल तर साधारण नऊ किलो. उचलून काटकोनात वळायचे असेल तर सहाच्या थोडे वर. ट्रकच्या कोपऱ्यात अडकलेली गोणी वाकून, हात लांब करून ओढणे आणि वळून साथीदाराच्या पाठीवर देणे ही नेमकी शेवटची अवस्था आहे. तिथे सूत्र सहा किलो म्हणते आणि गोणी पन्नास. हे सूत्र डोक्या-पाठीवरून ओझे वाहण्यासाठी केलेले नाही हे खरे. पण ओझे पाठीवर चढण्यापूर्वी कोणाला तरी ते उचलावेच लागते. आता ट्रक पूर्ण करा. २० टन माल म्हणजे पन्नास किलोंच्या ४०० गोण्या. टोळीत सहा जण असतील तर माणशी ६६-६७ गोण्या, म्हणजे सव्वातीन टनांहून अधिक. हा झाला एक ट्रक, आणि टोळी दिवसभरात एकाच ट्रकवर थांबत नाही.

हे कोणाला माहीत नव्हते असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये जास्तीत जास्त वजनाविषयी करार आणि शिफारस संमत केली, त्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा आकडा आहे. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३४व्या कलमाने इजा होईल इतके ओझे कोणाला उचलायला लावू नये असे म्हटले आणि मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला. वाशीच्या बाजारात ५० किलोंहून जड गोणी उचलणार नाही असा आग्रह कांदा-बटाट्याच्या माथाडींनी वेळोवेळी धरला, तेव्हा बाहेरून तो मजुरीचा तंटा वाटला. प्रत्यक्षात तो गोणी जिथे भरली जाते त्या जागेपर्यंत पोचण्याचा प्रयत्न होता. गोणी भरते शेतावर किंवा दुसऱ्या राज्यातल्या बाजारात, आणि जास्तीचे दहा किलो चुकवावे लागतात वाशीतल्या कमरेला. वजन कमी करायला माणसाला शिकवावे लागत नाही, पिशवी लहान करावी लागते. ‘गुडघ्यात वाका, कंबर ताठ ठेवा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण ट्रकमध्ये थप्पीवर ओणवे राहून काम करणाऱ्याला तो पाळायला जागाच नसते.

नव्या गोदामात पाठीची जागा चाकाने घेतली आहे. फोर्कलिफ्ट मोटारीसारखी दिसते म्हणून लोक तिला मोटारीसारखे वागवतात, आणि धोका तिथून सुरू होतो. अडीच टन उचलणारी गाडी स्वतः साडेतीन-चार टनांची असते, कारण पुढच्या ओझ्याला मागे तोलायला वजन लागते. ती वळते मागच्या चाकांवर, त्यामुळे वळताना तिचे बूड बाहेर फेकले जाते आणि बाजूने चालणारा माणूस भिंत आणि गाडी यांच्यात सापडतो. ओझे वर उचलले की गुरुत्वमध्य वर सरकतो. त्या अवस्थेत जोरात वळण घेतले तर ती आडवी होते, आणि चालकाला सहज सुचणारी गोष्ट, म्हणजे बाहेर उडी मारणे, हीच त्याला गाडीखाली नेते. म्हणून पट्टा बांधून आत धरून बसायचे असते. ताशी दहा किलोमीटर हा वेग सायकलीचाही नाही, पण त्या वेगाने गाडी एका सेकंदात पावणेतीन मीटरहून पुढे जाते, आणि चालकाला माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद तर गेलेलाच असतो. पुढे मास्ट आणि माल असल्यामुळे त्याला बरेचदा समोरचे दिसतच नाही. यावर चालकाचे प्रशिक्षण हवेच. अमेरिकेच्या नियमांत दर तीन वर्षांनी चालकाची पुन्हा परीक्षा आहे. पण माणसाची वाट आणि गाडीची वाट यांच्यात कठडा घातला, वळणाला आरसा लावला आणि शौचालयाकडे जाणारी पायवाट गाडीच्या मार्गातून काढून घेतली, तर चालक थकलेला असतानाही माणूस वाचतो. प्रशिक्षण माणसाच्या चांगल्या क्षणावर विसंबते, कठडा वाईट क्षणासाठी असतो.

रॅकची गोष्ट अशीच. पोलादी रॅक हे पातळ पत्र्याचे कौशल्य आहे. सरळ उभा असताना तो टनावारी माल पेलतो आणि खांबाला पोचा आला की ती ताकद झपाट्याने कमी होते. युरोपातल्या मानकात मीटरभर लांबीत तीन ते पाच मिलिमीटर वाकणे ही सावधानतेची हद्द धरतात. त्यापुढे गेले तर नुकसानीनुसार खांबाला पिवळी किंवा लाल खूण: पिवळी म्हणजे आहे तो माल उतरला की पुन्हा भरू नका, लाल म्हणजे आत्ताच रिकामे करा. शिवाय वर्षातून निदान एकदा जाणकाराने तपासायचे. पाच मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीहून कमी. ते डोळ्याला दिसते ते रोज पाहणाऱ्यालाच, आणि ज्याच्या हातून फोर्कलिफ्ट आपटली त्यालाच ते सर्वांत आधी ठाऊक असते. त्याच्या पगारातून रॅकची भरपाई कापली जाणार असेल तर तो ते सांगेल का? एका कापलेल्या दंडाची किंमत पुढे पूर्ण रांग कोसळण्यात मोजली जाऊ शकते, हे हिशेबनिसाच्या वहीत कुठेच येत नाही.

जुन्या गाळ्यातल्या धोक्यांना तर नावेही नाहीत. थप्पी मधूनच ओढली जाते, कारण मागणी आली तो माल खाली असतो. वरून पायरी पायरीने उतरवायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. ट्रक फळीपासून इंचभर सरकतो, कारण चाकाला लाकडी ठोकळा लावलेला नसतो. धान्याच्या गोदामात किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, त्याच्यावर उतारा नाही, आणि वासावर विसंबावे तर वास प्रत्येक वेळी येईलच असे नाही. ताडपत्री काढल्यावर किती तास दारे उघडी ठेवायची आणि वायू मोजायचा कशाने, हे धुरी देणाऱ्या ठेकेदाराला माहीत असते. आत जाऊन गोणी उचलणाऱ्याला ते सांगितलेले असतेच असे नाही. आणि उन्हाळ्यात पत्र्याखालच्या गाळ्यातला उकाडा. त्याला उपाय फार महागही नाहीत: पत्र्यावर पांढरा रंग, छपरावर फिरणारे वायुवीजक, दुपारचा माल सकाळी.

आता पहिला आक्षेप घेऊ, कारण तो सगळ्यात जास्त ऐकू येतो: कामगारच ऐकत नाहीत. बूट दिले तर घालत नाहीत, हातमोजे खिशात ठेवतात, फोर्कलिफ्टच्या दात्यांवर उभे राहून वरचा माल काढतात. निरीक्षण म्हणून हे खोटे नाही. पण ते तिथेच संपत नाही. रबरी हातमोजा घालून गोणीचा कान पकडता येत नाही, म्हणून तो खिशात जातो. शिडी दुसऱ्या टोकाला असते आणि स्कॅनरवर उलटी मोजणी चालू असते, म्हणून माणूस दात्यांवर चढतो. नगावर पैसे मिळतात तिथे सावधपणा स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. जून २०२४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने वृत्तपत्रांतील बातमीवरून स्वतःहून दखल घेतली ती हरियाणातल्या मानेसरच्या एका बहुराष्ट्रीय ऑनलाइन विक्री कंपनीच्या गोदामाची. चहाच्या सुट्टीनंतर, २४ फुटी सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला किंवा शौचालयाला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावली, असे त्या बातमीत होते. तिथे बेशिस्त कोणाची म्हणायची? शपथ पाळणारा माणूस तर शिस्तीतलाच होता.

वेग आणि इजा यांचा संबंध तर्काचा नाही, नोंदीचा आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये गोदामांत दर शंभर पूर्णवेळ कामगारांमागे साडेपाच इजा नोंदल्या गेल्या. सगळ्या खासगी क्षेत्राची सरासरी २.७ होती. म्हणजे दुपटीच्या आसपास, आणि तेही खाणकाम किंवा बांधकाम नव्हे, खोकी हलवण्याच्या कामात. कॅलिफोर्निया राज्याने त्याच वर्षी कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. कामगाराला किती नग किती वेळात करायचे आहेत हे लेखी सांगा, आणि जेवण, विश्रांती किंवा शौचालय यांच्या आड येणारा कोटा लावू नका. या कायद्यात हेल्मेटचा उल्लेख शोधावा लागणार नाही, कारण तो शोधतो आहे गोणी भरण्याची जागा. इथे ती जागा संगणकाच्या पडद्यामागे आहे एवढेच.

यंत्रमानव आले की हे सगळे संपेल असे म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांच्यात काही खरेही बोलतात. जड ओझे यंत्राने उचलावे यात वाद कसला? पण २०२० मध्ये अमेरिकेतल्या शोधपत्रकारांनी सर्वांत मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याच्या अंतर्गत नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत यंत्रमानव असलेल्या गोदामांत गंभीर इजांचे प्रमाण नसलेल्यांपेक्षा जास्त दिसले. कंपनीने तो अर्थ अमान्य केला. तरी कारण समजायला अवघड नाही. रॅक माणसाकडे चालत येऊ लागला की माणसाचे चालणे वाचते, आणि वाचलेला प्रत्येक सेकंद त्याच खांद्याच्या त्याच हालचालीने भरला जातो. चालणे हीच त्याची विश्रांती होती, हे यंत्र बसवताना कोणी मोजले नव्हते.

मग जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतो, आणि इथे महाराष्ट्राजवळ एक उत्तर होते. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याआधी हमाल कोणाचाच नव्हता: सकाळी एका पेढीचा, दुपारी दुसऱ्या ट्रकचा, संध्याकाळी नाक्यावरचा. कायद्याने त्याला मंडळाशी जोडले, मालकांची नोंदणी केली, मजुरीवर लेव्ही बसवून भविष्य निर्वाह निधी, बोनस, सुट्टी यांची सोय केली. ‘मालक अनेक, पण जबाबदारी एका जागी’ ही कल्पना त्या काळात फार पुढची होती. तिचा अधुरा भाग शरीराचा. योजनांमध्ये आरोग्य आणि सुरक्षेचीही तरतूद करता येईल असे कायद्यात असले तरी मंडळांची शक्ती पैशाच्या हिशेबात गेली. आजच्या मोठ्या गोदामात तर तो जुना प्रश्न नव्या वेशात परतला आहे. माल एकाचा, इमारत दुसऱ्याची, गोदाम चालवणारा तिसरा, माणसे पुरवणारा चौथा. कंबर गेली की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि पाचवा, म्हणजे ‘उद्या येऊ नकोस’ असा निरोप देणारा, मुकादमच असतो.

कायद्याची चौकटही इथे फाटकी आहे. कारखाने अधिनियमात येण्यासाठी उत्पादन प्रक्रिया लागायची. नुसत्या साठवणुकीचे गोदाम दुकाने व आस्थापना कायद्यात पडायचे, आणि महाराष्ट्राच्या २०१७ च्या त्या कायद्याची मुख्य बंधने मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागेला होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता गोदामाला आस्थापना म्हणून कवेत घेते, तीही दहाच्या हद्दीने. आणि सुरक्षा अधिकारी नेमण्याचे तिचे कलम नाव घेते ते कारखाना, बांधकाम आणि खाण यांचे. हजार माणसांचे गोदाम त्या यादीत नाही. देशातील कामाच्या जागेवरच्या इजांची सरकारी आकडेवारी प्रामुख्याने नोंदणीकृत कारखान्यांची असते. ‘गोदामात अपघात फार कमी होतात’ असे म्हणणारा म्हणूनच प्रामाणिक असू शकतो. न मोजलेली गोष्ट कमीच दिसते.

लहान गोदामवाल्याचा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. त्याचे भाडे ठरलेले, दर मालवाला ठरवतो, आणि कठडे-आरसे-तपासनीस यांचा खर्च त्याच्या गळ्यात पडला तर शेजारचा, जो काहीच करत नाही, तो त्याचे गिऱ्हाईक पळवेल. चाकणसारख्या पट्ट्यातल्या उद्योजकांची माथाडीच्या नावाने होणाऱ्या खंडणीची तक्रारही काल्पनिक नाही. पण खंडणी हा पोलिसांचा विषय आहे, त्याने कायद्याचे तत्त्व खोटे पडत नाही. आणि खर्चाचे उत्तर खर्च वर ढकलण्यात आहे. ज्याचा माल आहे त्याच्या करारातच गोणीचे कमाल वजन, तासाचा कमाल नग आणि चौघांच्या वतीने ठेवायची एकच इजा-नोंदवही असली पाहिजे. ५० किलोंची गोणी २५ ची केली तर ४०० ऐवजी ८०० वेळा उचलावे लागेल, मग फायदा काय, असेही कोणी विचारील. मणका एकूण टनांचा हिशेब ठेवत नाही असे नाही, पण तो एका वेळच्या शिखराने आधी मोडतो. शिवाय २५ किलोंची पिशवी पॅलेटवर एकटा माणूस नीट लावू शकतो, आणि पॅलेट एकदा भरले की पुढचे काम हँड पॅलेट ट्रकचे.

राहिली आग. तिच्यावर लिहिले जाते बरेच, म्हणून इथे ती शेवटी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे मालक किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. रॅकवरचा माल फवाऱ्याच्या तोंडापासून सुमारे ४५ सेंटिमीटर खाली ठेवायचा, नाहीतर पाणी छत्रीसारखे पसरतच नाही. हंगामात ती जागा सर्वांत आधी भरते, कारण भाडे चौरस फुटाने देतात आणि माल घनफुटाने ठेवतात. पण मृत्यूंचा आकडा ठरतो तो बहुधा आत किती माणसे आहेत यावरून. २३ मार्च २०२२ च्या पहाटे सिकंदराबादच्या भोईगुडा भागात भंगाराचे गोदाम पेटले तेव्हा बिहारचे अकरा कामगार मेले. ते काम करत नव्हते, वरच्या मजल्यावर झोपले होते, आणि उतरायला एक अरुंद गोल जिना होता. भिवंडीत वळ गावी २९ एप्रिल २०२३ रोजी कोसळलेल्या इमारतीत खाली गोदामाचे काम चालू होते आणि वर बिऱ्हाडे होती; आठ जण गेले. रात्रपाळी संपल्यावर गावातली खोली परवडत नाही म्हणून गाळ्यातच पथारी टाकणारा माणूस हजेरीपटावर नसतो. शटर बाहेरून ओढून घेतले जाते, कारण आत लाखोंचा माल आहे. किल्ली सुरक्षारक्षकाकडे असते, आणि आत किती जण आहेत हे त्याला तोंडी सांगितलेले असते, कधी कधी.